परत पाहिला आणि बाजू बदलली, असा हॉलिवूडपट कोणता?

मेथीचा_लाडू (धागाकर्ती)

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला (वय वर्षे दहा) 'मिसेस डाउटफायर' दाखवला. (बायकोपासून वेगळा झालेला बाप मुलांजवळ राहता यावं म्हणून मुलं सांभाळणाऱ्या बाईचा वेश घेतो, तो.) मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आठवी-नववीत असेन. मामाकडे, केबलवर, सात-आठ भावंडं एका गादीवर लोळत. रॉबिन विल्यम्स म्हणजे जगातला सगळ्यात भारी बाबा आणि सॅली फील्ड म्हणजे खडूस आई, असा आमचा एकमुखी निकाल होता.

या वेळी पंधरा-वीस मिनिटांतच निकाल फिरला. पोराच्या बाराव्या वाढदिवसाला हा गृहस्थ घरात जनावरं आणतो. तेही नोकरी सोडून आल्या दिवशी! शेजारीण बायकोला ऑफिसात फोन करते, ती धावतपळत घरी येते, तर आत धुडगूस आणि नवरा टेबलावर चढून नाचतोय. मी चहाचा कप खाली ठेवला. ती बाई खडूस नाहीये हो, दमलीये.

लेक अर्थातच माझ्या जुन्या पक्षात. "तू पण अश्शीच करतेस" म्हणून मोकळी झाली.

तर प्रश्न असा: पहिल्यांदा पाहताना एकाची बाजू घेतली आणि दहा-वीस वर्षांनी पाहताना दुसऱ्याची, असं तुमचं कुठल्या हॉलिवूडपटाबाबत झालंय? साधारण १९९० नंतरचे घ्या. आवडत्या सिनेमांच्या याद्या नकोत, त्यासाठी आधीच पुष्कळ धागे आहेत.

कट्ट्यावरचा_कावळा

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लॉगआउट

ज्युरासिक पार्क. शाळेत असताना हिंदीत डब केलेला पाहिला होता आणि तो जाडा कॉम्प्युटरवाला, डेनिस नेड्री, त्याला डायनासोरने खाल्लं तेव्हा अख्ख्या थेटराबरोबर मीही टाळ्या पिटल्या होत्या.

आता आयटीत एकवीस वर्षं झाली. परवा परत पाहिला आणि नेड्रीसाठी जीव तुटला. अख्खं बेट, कुंपणं, दारं, फोन, सगळं एका माणसाच्या कोडवर चालू. वीस लाख ओळींचा कोड, बॅकअपला दुसरं माणूस नाही. तो बिचारा पगाराचं बोलतो तर पार्कचा मालक, म्हातारा हॅमंड, त्याला नीतीचे धडे देतो. आणि हाच हॅमंड सिनेमाभर सांगत फिरतो की आपण खर्चात कुठेही हात आखडता घेतला नाही. अरे बाबा, आइस्क्रीमवर घेतला नसशील, सपोर्टवर घेतलास ना!

शेवटी नेड्री दीड मिलियन डॉलरसाठी शेव्हिंग क्रीमच्या डब्यातून डायनासोरची भ्रूणं चोरायला निघतो. चोरीचं समर्थन नाही. पण प्रामाणिकपणे नोटीस पीरियड पूर्ण केला असता तरी महिन्याभरात पार्क बसलंच असतं. डॉक्युमेंटेशन कुठे होतं?

रेवा_धरमपेठ

@लॉगआउट, हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! माझा नवरा शेजारी बसून "एकदम बराबर, एकदम बराबर" करून राहिला आहे.

सातारकर_बापू

टायटॅनिक. १९९८ साली कॉलेजात होतो, आमचा ग्रुप तीनदा गेला. जॅक मेला तेव्हा मी रडलो नाही असं मी आजही सांगतो.

आता घरात सतरा वर्षांची मुलगी हाय. नायिका रोझचं वय सिनेमात किती? सतरा. जॅकची ओळख किती दिवसांची? तीन. गड्याचा कामधंदा? चित्रं काढतो. तिकीट? पत्त्यात जिंकलेलं. मागच्या महिन्यात टीव्हीवर लागला तवा मी आपसूक तिच्या आईच्या बाजूनं बोलायला लागलो. बायको म्हणाली, "तिच्या आईनं ठरवलेल्या त्या बिली झेनला जावई करणार का मग?" त्याला बी नाही. मी म्हणतो पोरीनं आधी शिक्षण पुरं करावं.

झाकोळ

बापू, सगळं मान्य, पण शेवटी रोझ ज्यावर तरंगून वाचते त्या दरवाजावर दोघं मावत होते की नव्हते, ते सांगा.

सातारकर_बापू

मावत हुते. तिनं सरकायला पाहिजे हुतं.

तळटीप

झाली सुरुवात. एक, तो दरवाजा नव्हताच, दरवाजाच्या वरच्या नक्षीदार चौकटीचा तुकडा होता. दोन, प्रश्न मावण्याचा नव्हता, तरंगण्याचा होता. दोघं चढले की फळी पाण्याखाली. जेम्स कॅमेरॉनने २०२३ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या कार्यक्रमासाठी दोन स्टंटवाल्यांना गार पाण्यात उतरवून वेगवेगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. एका तऱ्हेत जॅक वाचलाही असता असं निघालं. म्हणजे पंचवीस वर्षांच्या भांडणानंतर निकाल काय, तर 'कदाचित'.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), चित्रीकरणात वापरलेली ती फळी मार्च २०२४ मध्ये लिलावात ७ लाख १८ हजार ७५० डॉलरला गेली. रुपयात सहा कोटींच्या आसपास.

कट्ट्यावरचा_कावळा

सहा कोटींत कोथरूडला मोठा फ्लॅट येतो. त्यात दोघंही आरामात मावले असते.

उपनगरी

'यू हॅव गॉट मेल'. १९९८ चाच. मी तेव्हा चर्चगेटला नोकरी करायचे आणि टॉम हँक्स-मेग रायनच्या ईमेलांवर जाम फिदा होते. आमच्या ऑफिसात एकाच मशीनवर इंटरनेट होतं, त्याच्या मोडेमची ती खरखर ऐकली तरी रोमँटिक वाटायचं. हसू नका.

गेल्या वर्षी परत पाहिला. कथा काय आहे बघा. हा माणूस तिच्या आईपासून चालत आलेलं पुस्तकांचं दुकान आपल्या अवाढव्य दुकानाच्या जोरावर बंद पाडतो. अर्ध्यावर त्याला कळतं की ईमेलवाली मैत्रीण म्हणजे हीच, तर पुढचा अर्धा सिनेमा तिला न सांगता तिच्याशी गोड बोलत राहतो. आणि शेवटी ती म्हणते, मला वाटतच होतं तू असावास. अगं, दुकान गेलं ना तुझं!

मला हा बदल नुसत्या वयाने झाला असं वाटत नाही. फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झालं. शेवटच्या दिवसांत सूट लावली होती तेव्हा गेले होते. कपाटं अर्धी रिकामी, आणि आम्ही जुनी गिऱ्हाइकं पुस्तकं कमी, एकमेकांची तोंडं जास्त बघत होतो. मेग रायन रिकाम्या दुकानात उभी राहते तो प्रसंग पूर्वी मी पुढे ढकलायचे, पुढचं प्रेमप्रकरण बघायची घाई म्हणून. आता तिथेच थांबले.

तळटीप

आणि काळाचा न्याय बघा. ज्या अवाढव्य दुकानांची तेव्हा भीती होती, त्यांतली बॉर्डर्स ही मोठी अमेरिकन साखळी २०११ मध्ये स्वतःच आटोपली. टॉम हँक्सचं दुकानही आज ऑनलाइनवाल्यांपुढे टिकलं असतं का, शंका आहे.

झाकोळ

भाग दोन: टॉम हँक्स मेग रायनला विचारतो, अगं, ईमेल बंद, आता निदान दुकान तरी चालू करू या का?

नाक्यावरचा_नाना

मी उलटं लिहितो. शॉशँक रिडेम्प्शन. लोकांनी इतकं डोक्यावर घेतलंय म्हणून तिसऱ्यांदा पाहिला. तिन्ही वेळा मत तेच: चांगला आहे, पण एवढा काय? आणि मला कुणीतरी एकच सांगा. कोठडीच्या भिंतीत पाडलेल्या भोकातून पळताना, आत शिरल्यावर त्या कैदी बाबाने भोक झाकणारं बाहेरचं पोस्टर परत नीट लावलं कसं?

मेथीचा_लाडू

नाना, धागा बाजू बदलण्याचा आहे. तुम्ही बदललीच नाहीत.

नाक्यावरचा_नाना

मग मी या धाग्यावरचा एकमेव स्थिर माणूस समजा.

रेवा_धरमपेठ

अहो नाना, पोस्टर फक्त वरून चिकटवलेलं असंल, खालून मोकळं. उचललं, शिरला, पडलं खाली आपोआप. आमच्या घरी कॅलेंडरमागे फ्यूजचा डबा असाच लपवला होता.

तळटीप

नानांना एकटं वाटू नये म्हणून सांगतो, १९९४ साली अमेरिकेतही तो चालला नव्हता. खर्चसुद्धा निघाला नाही. ऑस्करची सात नामांकनं आणि मिळालं शून्य. त्या वर्षीचं ऑस्कर फॉरेस्ट गंपला गेलं. व्हिडिओ कॅसेट आणि केबलवर तो मोठा झाला. म्हणजे जगाने बाजू बदललेला सिनेमा म्हणून तरी धाग्यात चालावा.

दुपारचा_डबा

फॉरेस्ट गंपचा विषय निघालाच आहे तर, त्याची बालमैत्रीण जेनी. कॉलेजात असताना होस्टेलवर आम्ही पोरं तिला काय काय बोलायचो. एवढा भला माणूस दारात उभा आणि ही गिटार घेऊन गावभर. गेल्या पावसाळ्यात परत पाहिला. ती मोठेपणी आपल्या लहानपणच्या पडक्या घरासमोर येते, चपला-दगड जे हाताला लागेल ते घरावर फेकत सुटते आणि मग खाली कोसळते. बापाने लहानपणी काय केलं ते सिनेमा आधी एका वाक्यात सांगून जातो, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मला ते ऐकूच आलं नव्हतं. एवढं सरळ समोर असून!

ती पळत होती ते फॉरेस्टपासून नव्हे. यापुढे काही लिहीत नाही.

उपनगरी

@दुपारचा_डबा, +१. आम्ही मुलींनीही तिला तशीच नावं ठेवली होती.

कट्ट्यावरचा_कावळा

अवांतर: थेटरात हे सगळं नीट बघायचं तर आधी मध्यंतर नावाच्या प्रकाराचं काहीतरी करा. एका मल्टिप्लेक्सात 'ग्रॅव्हिटी' पाहत होतो. सिनेमा सगळा ९१ मिनिटांचा. बाई अंतराळात गरागरा फिरतेय, ऑक्सिजन संपत आलाय, माझा श्वास अडकलाय, आणि झपकन दिवे. समोशाची जाहिरात. परत सुरू झाला तेव्हा शेजारचा माणूस नाचोज मोडत होता. कडाम. कडाम. अंतराळात आवाज जात नाही म्हणतात.

झाकोळ

आणि सेन्सॉर? 'स्पेक्टर'मध्ये जेम्स बाँडचं चुंबन आपल्याकडे निम्म्याने कापलं होतं. २०२५ च्या सुपरमॅनचं तर ३३ सेकंदांचं कापलं. माणसं मारायला हरकत नाही, बिल्डिंगी पाडा, पण हे नको.

रेवा_धरमपेठ

वुडी ॲलनने तर 'ब्लू जास्मिन' इथे लावूच दिला नाही, सिगारेटच्या सूचनेची पट्टी पडद्यावर नको म्हणून. २०१३ मध्ये. मला राग आला होता, आता वाटते बरोबर केलं त्याने.

घ्या, ही पण बाजू बदललीच की.

सातारकर_बापू

डबिंगचं राहिलं. २००७ चा स्पायडरमॅन ३ भोजपुरीत डब होऊन आला हुता. आमी आपलं हिंदीवर भागवलं. एकदा सातारी बोलीत व्हायला पायजे. "काय रं आण्णा, जाळं टाकतुयास का कसं?"

गोडा_मसाला

चकीचा 'चाइल्ड्स प्ले' १९८८ चा, पण आपला 'झपाटलेला' मी आधी पाहिला होता, म्हणून इथे लिहिते. अमेरिकेत भावाने मोठ्या भीतीने दाखवला. दिवे वगैरे घालवून. बाहुला डोळे वटारून उठला आणि मला रामदास पाध्यांचा तात्या विंचू आठवला, पाठोपाठ लक्ष्या. हसू आवरेना. भावाने सिनेमा बंद केला. मूळ कुठलं हे माहीत असूनही माझ्यासाठी चकीच नक्कल आहे.

झाकोळ

तात्या विंचूपुढे चकी म्हणजे बालवाडी.

बे_एरियातली_काकू

वाचनमात्र होते, पण पहिल्या पोस्टमधल्या घरावरून लिहावंसं वाटलं. डाउटफायरचं ते घर सॅन फ्रान्सिस्कोत स्टायनर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे, पाहुण्यांना नेते कधीकधी. ऑगस्ट २०१४ मध्ये रॉबिन विल्यम्स गेला तेव्हा लोकांनी त्या पायऱ्यांवर फुलं आणून ठेवली होती. आम्हीही गेलो होतो.

माझा सिनेमा मात्र इंटरस्टेलर. २०१४ मध्ये नवऱ्याबरोबर पाहिला आणि घरी येईपर्यंत कृष्णविवरावर भांडलो. माझं म्हणणं, शेवट गंडलाय, ते पुस्तकांच्या कपाटामागचं प्रकरण काहीही आहे.

मग २०२० आलं. बाबा पुण्यात एकटे, मी इथे, विमानं बंद. ते रोज व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवायचे. व्हिडिओ करायला घेतला तरी फोन कानाला लावायचे, त्यामुळे पहिली चार-पाच सेकंदं नुसता कान दिसायचा. मग "आलं का गं?" आणि मग गच्चीतला मोगरा, आज किती फुलं, एवढंच. काही मी लगेच बघायचे. काही कामाच्या गडबडीत साठायचे आणि शनिवारी एकदम सहा-सात बघायचे.

डिसेंबर २०२४ मध्ये आयमॅक्सला परत लागला तेव्हा गेलो. सिनेमातला अंतराळवीर बाप पाण्याच्या ग्रहावरून परततो, तिथला एक तास म्हणजे इथली सात वर्षं. यानावर तेवीस वर्षं उलटलेली असतात आणि तो साठलेले निरोप एकामागून एक बघायला बसतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, आजोबा गेल्याचं सांगतो, मग निरोप थांबतात. मला पुढचं कपाट-बिपाट काही दिसलंच नाही. बाबा तोवर गेले होते. माझ्या फोनमध्ये दोन व्हिडिओ अजून न पाहिलेले आहेत. मुद्दाम ठेवलेत.

शेवट गंडलाय असं मी आता म्हणत नाही. नवरा म्हणतो, पण कृष्णविवराबाबत तो बरोबर होता. होता, बरं.

उपनगरी

काकू...

सातारकर_बापू

काकू, मोगऱ्याचं वाचून उठून आईला फोन लावला.

तळटीप

कृष्णविवराबाबत तुमच्या यजमानांची बाजू भक्कम आहे. सिनेमाचे सल्लागार भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न होते, पुढे २०१७ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. पण ते जाऊ द्या. ते दोन व्हिडिओ असेच राहू द्या.

लॉगआउट

विषय जरा हलका करतो. त्याच सिनेमात सुरुवातीला बाप-लेकरं मक्याच्या शेतातून ज्या ड्रोनमागे गाडी पळवतात, तो भारतीय हवाई दलाचा असतो. दहा वर्षं मालकाशिवाय उडतोय, तरी बॅटरी चालू. सपोर्ट कोण देत होतं कुणास ठाऊक, नेड्री नक्की नव्हता.

नाक्यावरचा_नाना

इंटरस्टेलरवाल्या नोलानचा सिनेमा निघालाच आहे तर, त्याचाच टेनेट. मुंबईत चित्रीकरण झालं, डिंपल कपाडिया, गेटवे ऑफ इंडिया, सगळं खरं. मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा मुंबई तेवढी समजली.

कोपऱ्यातली_खुर्ची

'डेव्हिल वेअर्स प्राडा'बद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? २००६ मध्ये मेरिल स्ट्रीप खलनायिका वाटली होती. मी आता एचआरमध्ये आहे, मला तीच अजूनही खलनायिका वाटते, त्यामुळे तिच्याबाबत बाजू बदललेली नाही. रात्री-अपरात्री फोन करणारा बॉस तो बॉसच, साडी नेसो वा प्राडा. बदललं ते हिरॉइनच्या मित्राबद्दल. तेव्हा वाटायचं किती समजूतदार मुलगा. आता दिसतं की बायकोच्या नोकरीवर रुसणाऱ्या तमाम पुरुषांचा तो पूर्वज आहे. वाढदिवस चुकला म्हणून केवढं ते तोंड पाडणं. स्वतः हॉटेलात स्वयंपाकी, म्हणजे याच्या तरी कामाच्या वेळा धड असतात का?

दुपारचा_डबा

मित्राच्या बाजूने एक: घरी आल्यावर बायको फोनवरच असेल तर जेवण एकट्याने गार होतं. अनुभवाचे बोल. दिवा घ्या (हलकेच घ्या).

कोपऱ्यातली_खुर्ची

म्हणून आयडी 'दुपारचा डबा' का? :)

गोडा_मसाला

धागाकर्तीच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर 'होम अलोन'. लहानपणी आम्ही फक्त शेवटची वीस मिनिटं बघायचो, चोर घसरतात ती. आता मला सुरुवातीचा गोंधळ बघवत नाही. रात्री दूध सांडतं, पुसायच्या धांदलीत छोट्या केव्हिनचं विमानाचं तिकीट टिश्यूंबरोबर कचऱ्यात जातं. वीज जाते, गजर वाजत नाही. सकाळी डोकी मोजताना शेजारचा आगाऊ मुलगा मोजला जातो. सगळे जण सगळं करतायत आणि पोरगं माळ्यावर झोपलेलं. लग्नाच्या वऱ्हाडात पोर राहिलं की असंच राहतं, कुणाचीच एकट्याची चूक नसते. आणि पॅरिसहून परतायला बाकी कुणी नाही, ती आई एकटी विमानतळावर कानातल्यांसकट सगळं विकायला निघते, अनोळखी वाजंत्रीवाल्यांच्या गाडीतून येते. मी त्या वाजंत्रीवाल्यांना हसायचे. आता त्यांना जेवायला घालावंसं वाटतं.

रेवा_धरमपेठ

डोकी मोजणे यावर वेगळा धागा काढा. आमच्या काकांना शेगावला विसरून बस अकोल्यापर्यंत आली होती.

मेथीचा_लाडू

सगळ्यांचे आभार. मला वाटलं होतं दहा-बारा प्रतिसादांत धागा बसेल.

एक राहिलं. भाऊबीजेला आई आमच्याकडे होती. लेकीने हट्टाने आजीला डाउटफायर परत लावून दिला, मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. आता सलग तीन पिढ्या आहेत तर कुणाची बाजू जड होते ते बघू म्हटलं. आई शांतपणे बघत होती. तो बाईचा वेश, तो मुखवटा, ते पीठ-साखरेचं तोंड, सगळ्याला हसली. हॉटेलात तो तिच्या नव्या मित्राच्या जेवणात तिखट टाकतो, ज्याची त्या माणसाला ॲलर्जी असते, तिथे "हे काही बरं नाही हं" एवढंच म्हणाली.

संपल्यावर लेकीने विचारलं, "आजी, कोण बरोबर? आई का बाबा?"

आई म्हणाली, "ते नंतर. तो वाढदिवस झाला ना, ती जनावरं घरभर हिंडली. मग नंतर ते सगळं आवरलं कुणी? ते नाही दाखवलं?"

कोपऱ्यातली_खुर्ची

आईंना माझ्या कंपनीत नोकरी देते.

दुपारचा_डबा

आता परत बघावा लागणार. आधी भांडी घासून घेतो.